शेवटचं कोण?

फोनमधली बाई गोड आवाजात "डावीकडे वळा" म्हणाली आणि एलादियो उजवीकडे वळला.

"अरे, डावीकडे म्हणाली ती," फेर्मिना म्हणाली.

"तिला काय कळतंय? मी इथला आहे. याच गल्लीतून मी सायकलवर पाव पोचवायचो."

"सायकलवर पोचवायचास. ही काय सायकल आहे?"

सायकल कसली! साडेसहा मीटर लांबीची पांढरी कॅम्पर होती ती. आत पलंग, गॅस, न्हाणीघर आणि खिडकीत फेर्मिनाची पार्स्लीची कुंडी. बिल्बावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर एलादियोनं ती हौसेनं घेतली. आता कोणाच्या दारात पथारी पसरायला नको, असं त्याचं म्हणणं. महिनाभर दोघं दक्षिणेकडे भटकत होती. उद्या पोर्तुगालमध्ये शिरायचं होतं, आणि आजचा मुक्काम कासेरेसला. एलादियो जन्मला ते हे गाव. गेल्या सतरा वर्षांत त्यानं इथं पाऊल टाकलं नव्हतं.

गल्ली पुढं अरुंद होत गेली. गल्लीच्या म्हणण्याप्रमाणे ती पाचशे वर्षं तेवढीच होती. बदलला होता तो एलादियोचा अंदाज. डावा आरसा एका भिंतीला टेकला, उजवा दुसरीला, आणि घोडं अडलं. सज्ज्यात कपडे वाळत घालणारी बाई "मागं घ्या" म्हणाली. खालचा न्हावी "पुढं घ्या" म्हणाला. कुत्रं फिरवणाऱ्या एका गृहस्थांचं मत पडलं की चाकांतली हवा काढा. एवढ्यात नगरपालिकेची पोलीस आली, पोरगेलीशीच होती.

"आजोबा, इथं फक्त रहिवाशांच्या गाड्या येतात. पाटी दिसली नाही का?"

"मी इथलाच आहे," एलादियो म्हणाला.

तिनं गाडी पुढून मागपर्यंत न्याहाळली. "इथला माणूस असली गाडी या गल्लीत घालत नाही."

एलादियोला ते चांगलंच झोंबलं. तिच्या हातवाऱ्यांवर इंच इंच मागं जात तो बाहेर पडला. मग फोनमधल्या बाईचं मुकाट्यानं ऐकून शहराबाहेर कॅम्परच्या तळावर गाडी लावली. उजव्या आरशाला तडा गेला होता. फेर्मिनानं तो पाहिला. पण तिला बोलायचं होतं ते वेगळंच.

"हे बघ," गाडीला कुलूप लावताना ती म्हणाली. "आजचा दिवस आपण इथं आहोत. भावाला भेटायचं तर भेट, नसेल भेटायचं तर नको. पण उद्या सकाळी हे गाव मागं पडलं की पुन्हा माझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही. गाडीत नाही, जेवताना नाही. मी कंटाळले, बाबा."

"मी कुठं नाव काढतो?"

"झोपेत काढतोस."

भावाकडं जायचं एलादियोच्या मनात होतं. अंगात शर्टही चांगला होता, आणि तो उगाच घातला नव्हता. पण आधी मी का जाऊ, हा काटा घशातून काही केल्या उतरत नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

भांडण झालं होतं मारियामातेच्या मखरावरून. गुड फ्रायडेला कासेरेसमध्ये मातेचं मखर खांद्यावरून निघतं, तेव्हा बाहेरगावी गेलेली पोरंही दांडीखाली खांदा द्यायला येतात. एलादियो दरवर्षी बिल्बावहून यायचा. एकाच दांडीवर पुढं थोरला क्रिस्पीन, मागं हा. त्या वर्षी चर्चपाशी ऐन उतारावर क्रिस्पीन दांडीखालून निसटला आणि एक शब्द न बोलता गर्दीत दिसेनासा झाला. त्याचा सगळा भार एलादियोवर आला. त्याचे गुडघे वाकले, मखर कललं, आणि मातेचा चांदीचा मुकुट सुटून खणखणत उतारावरून गेला. बायकांनी किंकाळ्या फोडल्या. इजा कोणाला झाली नाही, पण गावाला चघळायला विषय मिळाला. बिल्बाववाल्यानं माता पाडली, असं झालं.

ईस्टरच्या जेवणाला आईच्या टेबलावर एलादियो भावाला सगळ्यांदेखत पळपुटा म्हणाला. क्रिस्पीनही काही कमी नव्हता. "तू वर्षातून एक दिवस वाहतोस," तो म्हणाला. "बाकीचे दिवस आईला कोण वाहतं, ते विचार." एलादियो भरल्या ताटावरून उठला आणि तडक बिल्बावला गेला. तीन वर्षांनी आई वारली. तेव्हाही दोघे भाऊ पाद्र्याच्या दोन बाजूंना दोन खांबांसारखे उभे राहिले. त्यानंतर बोलणं नाही, येणं नाही. कबरस्तानाच्या भिंतीतल्या ज्या कोनाड्यात आईची पेटी ठेवली, त्यावर दगड बसवला तो दिवस शेवटचा. नंतर एलादियोनं तो कोनाडा पाहिलेला नव्हता.

आणि नेमका आज सर्व संतांच्या सणाचा आदला दिवस होता. गावातला जो तो बादली, फडकं आणि शेवंती घेऊन आपापल्या मेलेल्या माणसांचे कोनाडे पुसायला निघालेला.

दोघं जुन्या शहरात शिरली. मनोऱ्यांवर करकोचे बसून चोची वाजवत होते. छत्री उंचावून चालणारा एक वाटाड्या परदेशी घोळक्याला काहीतरी सांगत होता आणि एलादियो मागून पुटपुटत होता, "चूक. साफ चूक." चर्चच्या कोपऱ्यावर धातूचा साधू उभा आहे. लोकांनी हात लावून लावून त्याच्या पायाची बोटं चकचकीत केली आहेत. फेर्मिनानंही हात लावून काहीतरी मागितलं. काय मागितलं ते एलादियोनं विचारलं नाही.

"चौकात जायचं ना? मग हा रस्ता जवळचा दिसतोय," ती म्हणाली.

"तिकडून नको. चढ आहे."

"चढ तर आपण चढतोय तो आहे. तो उतार आहे."

एलादियो पुढं चालत राहिला. त्या उतारावरच्या तिसऱ्या दारात क्रिस्पीन राहत होता. ते दार टाळण्यासाठी त्यानं बायकोला अर्ध्या शहराला वळसा घालायला लावला. तिच्या हे लक्षात आलं नसेल असं समजणारा माणूस भोळाच म्हणायचा.

अकराच्या पुढं पोटात कावळे कोकलायला लागले, तशी दोघं चौकाच्या मागच्या एका खानावळीत शिरली. पाव कुस्करून लसूण-मिरची घालून परतलेल्या मिगास, वर अंडं, आणि कॉफी. खानावळवाला हेर्वासियो ताटली ठेवता ठेवता एलादियोकडं बघत राहिला.

"तू कोणाचा रे?" त्यानं विचारलं.

इथं नाव विचारत नाहीत. नावानं काय कळतं? "घंटावाल्यांचा," एलादियो म्हणाला. त्याचा बाप गुरांच्या गळ्यातल्या घंटा ठोकायचा.

"अरे, मग क्रिस्पीनचा भाऊच की तू! बिल्बाववाला! आईसाठी आलास होय? बरं केलंस बाबा. गुडघा पार गेलाय त्याचा. परवा इथं बसला होता, तेव्हा मी म्हटलं, यंदा आईच्या कोनाड्यापर्यंत चढणार कसा तू? तर म्हणाला, चढेन. चढेन कसला? त्याला पायरी चढवत नाही, शिडी कुठली चढवायची?"

"पोरगं आहे ना त्याचं," एलादियो ताटलीत बघत म्हणाला.

"जर्मनीला असतं. येतं वर्षातून एकदा."

एलादियोनं काटा खाली ठेवला. आईचा कोनाडा चौथ्या ओळीत आहे, अगदी वर. तेव्हा खालच्या ओळी महाग म्हणून वरचा घेतला होता, आणि क्रिस्पीनच पाद्र्याला म्हणाला होता, मी आहे ना चढायला. मिगास गार झाल्या. शेवटी फेर्मिनानं त्याची ताटली पुढं ओढून निम्म्या संपवल्या.

"मला बुन्युएलो हवेत," बाहेर आल्यावर ती म्हणाली. साय भरलेले हे तळलेले गोळे या सणालाच मिळतात. "तुझी आई आणायची त्याच दुकानातले. दोनला बंद होईल, पळ."

"तू पण चल."

"माझे पाय दुखतायत. या बाकावर बसते."

वर्षानुवर्षं आई त्या दुकानातून बुन्युएलो आणायची. कोनाडे पुसून झाले की घरी येऊन सगळ्यांनी ते खायचे, ही त्यांच्या घरची रीत. रीत क्रिस्पीनलाही माहीत आहे, एवढं एलादियोच्या ध्यानात यायला हवं होतं. पण डोक्यात चौथी ओळ आणि शिडी घोळत होती.

ओब्दुलियाचं दुकान बायकांनी खच्चून भरलेलं. मागं कढई चाललेली. आत पाय टाकताच एलादियोच्या चष्म्यावर वाफ बसली. चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत त्यानं सवयीनं हाक दिली.

"शेवटचं कोण?"

तिथं रांग धरून कोणी उभं राहत नाही. आत यायचं आणि शेवटचं कोण ते विचारायचं. जो शेवटचा असेल त्यानं "मी" म्हणायचं. मग तुम्ही त्याच्या मागं. पुढं हवं तिथं टेका, गप्पा मारा, उखाळ्यापाखाळ्या काढा. आपल्या पुढच्या माणसावर डोळा ठेवला की झालं. विचारल्यावर गप्प बसणं मात्र कोणाला चालत नाही. शत्रूनं विचारलं तरी उत्तर द्यावं लागतं, नाहीतर सगळ्या दुकानाचा घोळ होतो.

आज कोणी बोलेना. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"अहो, शेवटचं कोण, विचारतायत ते!" ओब्दुलिया गल्ल्यामागून ओरडली. "तोंडं शिवलीत का? आज मला गोंधळ नकोय."

"मी," कोपऱ्यातून आवाज आला.

आवाज बापाचा होता. बाप जाऊन तीस वर्षं झालेली. एलादियोनं घाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. कोपऱ्यात भिंतीला टेकून क्रिस्पीन उभा होता. केस पांढरे, एका हातात काठी, दुसऱ्यात बादली. बादलीत फडकं, ब्रश आणि पिवळी शेवंती. केवढा म्हातारा झाला हा! मग त्याला वाटलं, मीही तसाच दिसत असणार याला.

वीस वर्षांनी भावाच्या तोंडून निघालेला पहिला शब्द "मी", आणि तोही दुकानाच्या कायद्यापोटी. यावर उत्तर द्यायचं ते "मग मी तुमच्या मागं". पण याला तुमच्या म्हणायचं की तुझ्या?

"बरं," एलादियो म्हणाला.

क्रिस्पीननं मान हलवली आणि समोरच्या बरण्या वाचायला घेतल्या. एलादियोनं दुसरी फळी वाचायला घेतली. तेवढ्यात एक ठेंगणी म्हातारी धापा टाकत आत आली.

"शेवटचं कोण?"

"मी," एलादियो म्हणाला.

"आणि तुमच्या पुढं?"

"हे." त्यानं हनुवटीनं दाखवलं.

म्हातारीनं याच्याकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं. "भाऊ भाऊ का?"

दोघेही पुन्हा फळ्या वाचायला लागले.

"मला मेलीला काय करायचंय. नाक एकच दिसलं म्हणून विचारलं."

गिऱ्हाइकं हळूहळू पुढं सरकत होती. क्रिस्पीननं भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला, पुन्हा पहिल्यावर घेतला, आणि शेवटी बरण्यांकडं बघतच म्हणाला, "मी बाहेर बसतो. माझा नंबर बघ."

दुकानात दिवसातून शंभर वेळा कोणी ना कोणी कोणाला तरी हेच सांगतं. बाहेर जायचं तर मागच्याला सांगून जावं, ही साधी गोष्ट. तरी एलादियोचे कान तापले. त्या दिवशी उतारावर एवढं बोलला असतास तर काय बिघडलं असतं, असं अगदी जिभेवर आलं.

"बघतो," तो म्हणाला.

दोन वाजत आले. ओब्दुलियानं शटर अर्धं खाली ओढलं. परातीत तळाशी थोडे बुन्युएलो उरले होते.

"आता कोण?"

कोणीच पुढं झालं नाही. म्हातारीनं एलादियोच्या बरगडीत कोपर खुपसलं. "तुमचा पुढचा गेला बाहेर. गेला तो गेला. घ्या की तुम्ही!"

खरंच होतं ते. बोलावल्यावर जो हजर नाही त्याचा नंबर गेला. कोणी नावं ठेवली नसती. घ्यावेत, पैसे टाकावेत आणि निघावं. उद्या पोर्तुगाल. तो आपला भार टाकून गेला, तर मी का वाहू? हे वाक्य एलादियोनं वीस वर्षं घोटून ठेवलं होतं. आणि आज तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं.

"माझ्या पुढं एक जण आहे."

"कुठाय?"

"बाहेर बसलाय. गुडघा दुखतोय त्याचा."

"कोण?"

"क्रिस्पीन. माझा भाऊ."

ओब्दुलियानं हातातला चिमटा खाली ठेवला. "अगं बाई! म्हणजे तू एलादियो? माता पाडणारा?"

"पाडली नाही हो. वाकली फक्त."

"वाकली म्हणे! मुकुट माझ्या आत्याच्या मांडीत येऊन पडला. मरेपर्यंत ती सांगत होती, मातेनं मला निवडलं म्हणून!"

सगळं दुकान खो खो हसलं. एलादियोला वाटलं होतं, हे कोणी तोंडावर बोललं तर आपण जमिनीत गडप होऊ. तसं काही झालं नाही. त्यालाही हसू फुटलं.

"क्रिस्पीन दरवर्षी अर्धा किलो नेतो," ओब्दुलिया परात खरवडत म्हणाली. "अर्धाच उरलाय. तुला काही राहत नाही बघ."

"त्याचे त्याला द्या."

"आणि मी काय हवा खायला थांबले?" मागून म्हातारी कडाडली. पण शटर खाली आलं होतं.

बाहेर बाकावर क्रिस्पीनच्या शेजारी फेर्मिना बसलेली. दोघं गुडघ्यांवरच्या मलमाची चर्चा करत होती. तिचं दिराशी कधीच वाकडं नव्हतं. वाकडं असायला तिला सवड कुठं होती?

एलादियोनं पुडा पुढं केला. "घे. तुझे."

"तुझे कुठायत?"

"संपले."

क्रिस्पीननं पुडा मांडीवर ठेवला आणि त्याची दोरी सारखी करत बसला. ती आधीच सारखी होती. "मी आईकडं निघालोय," तो म्हणाला. मग दात उपटून काढावा तसं एकेक अक्षर काढत म्हणाला, "शिडी असते तिथं. चढायला माणूस नाही."

"गाडी बाहेर लावलीय," एलादियो म्हणाला. "तुला चालवणार नाही. थांब, इथं घेऊन येतो."

"नको, अडकेल."

"सकाळीच अडकली होती," फेर्मिना म्हणाली.

क्रिस्पीननं मान वर केली. "ते तू होतास? सकाळपासून गावभर झालंय. कोणी गाढवानं म्हणे, पाववाल्याच्या गल्लीत बस घातली!"

"बस नाही. कॅम्पर."

"बरं. कॅम्परवाला गाढव."

तळापर्यंत तिघं टॅक्सीनं गेली आणि तिथून कॅम्परनं कबरस्तानात. क्रिस्पीन आत टेबलाशी बादली मांडीवर घेऊन बसला. त्यानं पलंग पाहिला, गॅस पाहिला, कुंडी पाहिली. "बरं आहे घर," तो म्हणाला. "पण दारात कोणी ओळखीचं येत नसेल." एलादियोनं गिअर बदलला.

कबरस्तानात जत्रेची गर्दी. कोनाड्यांच्या उंच भिंतींसमोर बायका फडकी पिळत होत्या, फुलं मांडत होत्या, शेजारच्या मेलेल्यांची उणीदुणी काढत होत्या. चाकांची लोखंडी शिडी क्रिस्पीननं काठीनं ढकलत आणली. तिचा ब्रेक कधीच लागत नाही. खाली कोणाला तरी ती धरावीच लागते.

एलादियो चढला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथीत आई होती. दगडावर तिचं नाव, कडेला धूळ, खाचेत गेल्या वर्षीचा वाळलेला देठ. त्यानं फडकं फिरवलं आणि नाव चकाकलं. सतरा वर्षं दुसरं कोणीतरी हे पुसत होतं, दुखऱ्या पायानं इतकं वर चढून. मी पळपुटा म्हणालो ते कोणाला? एलादियोच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला हातात आईच्या धुळीचं फडकंच होतं.

शिडी किंचित हलली. त्यानं दगडाची कड घट्ट धरली.

"क्रिस्पीन! धरलंयस ना? सोडून जाऊ नकोस हां!"

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो.

"त्या दिवशी गुडघ्यात कट्कन झालं रे," खालून क्रिस्पीन म्हणाला. दोन्ही हातांनी त्यानं शिडी धरली होती. काठी जमिनीवर पडलेली. "पाय राहिलाच नाही अंगाला. बाजूला झालो नसतो तर मातेसकट तुझ्या अंगावर कोसळलो असतो. आणि सगळ्या गावासमोर लंगडत सांगायचं कसं, लाज वाटली."

"अरे, मग मला तरी सांगायचंस!"

"सांगणार होतो. त्याआधीच ईस्टरला तू पळपुटा म्हणालास."

एलादियो वर तसाच उभा राहिला. चुकलो म्हणायचं तर शब्द मोठे वाटत होते आणि आजूबाजूला अर्धं गाव कान टवकारून होतं. पण आता नाही म्हटलं तर कधी म्हणणार?

"चुकलो मी, क्रिस्पीन," तो वरूनच मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या शिडीवरची बाई फडकं पिळता पिळता थांबली.

"हो, चुकलासच," खालून क्रिस्पीनचा घोगरा आवाज आला. त्यानं शेवंती वर दिली. "डावा कोपरा राहिलाय. तो पूस. आईला धूळ चालायची नाही."

एलादियोनं डावा कोपरा पुसला, मग उजवाही पुसला, फुलं लावली आणि सावकाश खाली उतरला. त्याचा शेवटचा पाय जमिनीवर टेकेपर्यंत क्रिस्पीननं शिडी सोडली नाही.

"रात्री गाडीत झोपणार तुम्ही?" त्यानं काठी उचलत विचारलं.

"घर आहे ना आमचं."

"तिसरं दार माझं. सकाळी ज्याला वळसा घालून गेलास ते. खिडकीतून बघत होतो मी." त्यानं पुडा सोडून पहिला बुन्युएलो धाकट्याच्या हातावर ठेवला. "खा. आणि पोर्तुगाल काही पळून जात नाही."